चेस्ट नंबर सांगणे आणि ओळख पटवणे

कॅडेट मित्रांनो, संगणक कक्षात तुम्ही कोणत्याही यंत्रावर बसलात तरी लॉग-इन केल्यावर तुमचेच फोल्डर समोर येते. कारण ते फोल्डर त्या यंत्रात नसतेच. ते सर्व्हरवर असते आणि नेटवर्कमधून तुमच्या यंत्राला जोडले जाते. या जोडण्याला 'माउंट करणे' म्हणतात. लिनक्समध्ये हे काम बहुधा एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, करते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये आणली. साधी आणि वेगवान असल्यामुळे ती आजही टिकून आहे. मात्र तिच्या मूळ रचनेत एक भोळेपणा आहे.

सर्व्हर फाइलचा मालक नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. या क्रमांकाला यूआयडी म्हणतात. समजा, तुमचा यूआयडी १०१७ आहे. जुन्या पद्धतीत तुमचे यंत्र सर्व्हरला एवढेच कळवते, की ही फाइल १०१७ मागतो आहे. सर्व्हर लगेच फाइल देतो. गेटवरच्या संतरीने "थम, कौन आता है?" असे विचारावे, समोरच्याने एखादा चेस्ट नंबर सांगावा, आणि चेहरा, ओळखपत्र, पासवर्ड काहीही न पाहता संतरीने त्याला आत सोडावे, तसाच हा प्रकार. तो नंबर खरोखर त्याचाच आहे का, हे कोणी विचारत नाही. पडताळणी तुमच्या यंत्राने आधीच केली असेल, असे सर्व्हर गृहीत धरतो.

वर्गात मी हे सरावासाठी वेगळ्या ठेवलेल्या सर्व्हरवर करून दाखवतो. माझ्या लॅपटॉपवर मी स्वतः रूट आहे, म्हणजे सर्वाधिकारी. मी तिथे एक नवा वापरकर्ता तयार करतो, त्याचे नाव काहीही ठेवतो आणि यूआयडी देतो १०१७. मग सर्व्हरचे फोल्डर माउंट करतो. १०१७ च्या सगळ्या फाइली उघडतात. पासवर्ड फोडावा लागत नाही, कारण तो कोणी मागतच नाही. मुले आधी हसतात, मग एखादा हळूच विचारतो, "सर, मग मार्कांची फाइल?" तीही उघडेल. केवळ वाचताच येईल असे नाही, बदलताही येईल. आणि माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट पुढे आहे: बदललेल्या फाइलवर आणि सर्व्हरच्या नोंदीत नाव राहील ते १०१७ चे. ज्या मुलाने काहीच केले नाही, त्याला चौकशीला उभे राहावे लागेल. त्या नोंदीवरून त्याचे निर्दोषत्व सिद्ध करता येणार नाही.

यावर दोन उपाय नेहमी सांगितले जातात. पहिला 'रूट स्क्वॅश'. बाहेरच्या यंत्रावरचा रूट आला, तर सर्व्हर त्याला कोणतेही अधिकार नसलेला अनोळखी वापरकर्ता मानतो. हे चांगलेच आहे, पण माझा लॅपटॉप रूट म्हणून गेलाच नाही. तो १०१७ म्हणून गेला. दुसरा उपाय, ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश देणे. पण आयपी पत्ता हे एक सेटिंग आहे. कक्षातल्या एका यंत्राची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि तोच पत्ता घातला, की काम झाले. दोन्ही उपाय ठेवावेत, त्यांच्यावर विसंबू मात्र नये.

खरा उपाय विद्यार्थ्यांच्या संगणक कक्षातूनच आला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी जागोजागी यंत्रे ठेवायची होती, आणि कोणताही विद्यार्थी समोरचे यंत्र हवे तसे चालवू शकणार होता. म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवणे शक्यच नव्हते. त्यातून 'कर्बेरोस' निघाले. ग्रीक पुराणकथांतल्या पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव. आज वापरात असलेली पाचवी आवृत्ती १९९३ ची आहे.

त्याची कार्यपद्धती अशी. नेटवर्कमध्ये एक विश्वासू यंत्र असते, त्याला की-वितरण केंद्र म्हणू. तुम्ही सकाळी पासवर्ड टाकता, पण तो पासवर्ड तारेतून जात नाही. तुमचे यंत्र पासवर्डपासून एक की बनवते आणि त्या कीने सध्याची वेळ कुलूपबंद करून केंद्राला पाठवते. केंद्राकडे तीच की असते. कुलूप उघडले, की तुम्ही तुम्हीच आहात हे पटते, आणि काही तासांपुरते एक तिकीट मिळते. मग एनएफएसकडे जायचे असेल तेव्हा ते दाखवून खास त्या सर्व्हरसाठी दुसरे तिकीट घ्यायचे. हे दुसरे तिकीट सर्व्हरच्या कीने बंद केलेले असते. सर्व्हर ते उघडतो आणि आतले नाव वाचतो. माझ्या लॅपटॉपने "मी १०१७" असे कितीही ओरडून सांगितले तरी त्याच्याकडे तिकीट नाही, म्हणून दार बंद.

माउंट करताना संरक्षणाच्या तीन पातळ्या निवडता येतात. 'केआरबी५' फक्त ओळख पटवते. 'केआरबी५आय' मधल्या वाटेत मजकूर कोणी बदलला नाही ना, हेही तपासते. 'केआरबी५पी' सगळा मजकूर सांकेतिक करते. वेग थोडा कमी होतो. गुण, वैद्यकीय नोंदी, पालकांचे पत्ते यांसाठी मी तिसरीच निवडेन. सर्वांसाठी उघड्या असलेल्या धड्यांच्या फोल्डरला दुसरी पुरे.

बसवताना घात होतो तो बहुधा एका ओळीत. सर्व्हरच्या निर्यात यादीत 'केआरबी५पी' लिहिले, पण जुनी यंत्रे अडू नयेत म्हणून शेजारी जुनी 'सिस' पद्धतही ठेवली, तर सगळे कष्ट वाया. येणारा सोपेच दार निवडेल. घड्याळांचेही असेच. दोन यंत्रांच्या वेळेत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की कर्बेरोस तिकीट नाकारते, कारण जुने चोरलेले संदेश पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून वेळ तपासली जाते. शिवाय सर्व्हरची की ज्या 'कीटॅब' फाइलमध्ये असते ती रूटशिवाय कोणालाही वाचता येता कामा नये, आणि वितरण केंद्राच्या खोलीला आपल्या कोतला असते तसे कुलूप हवे. ते केंद्र ज्याच्या हाती गेले, त्याच्या हाती सगळ्यांची ओळख गेली.

पालक विचारतील, एवढे केल्यावर मुलाची फाइल पूर्ण सुरक्षित का? नाही. ज्या यंत्रावर तो बसला आहे, त्याच यंत्राचा रूट लबाड असेल, तर तिथे साठवलेले तिकीट तो मुदत संपेपर्यंत वापरू शकतो. म्हणून उठताना लॉग-आउट करा आणि तिकीट नष्ट करण्याची आज्ञा द्या. मित्राच्या लॅपटॉपवर शाळेचा पासवर्ड टाकू नका, मित्र कितीही जवळचा असला तरी.

पुढच्या सत्रात हे सगळे आपण सरावाच्या सर्व्हरवर हाताने बसवणार आहोत. पहिल्या तासाला एका यंत्राचे घड्याळ मी मुद्दाम दहा मिनिटे मागे लावून ठेवीन. तिकीट का मिळत नाही, हे शोधण्याचे काम तुमचे.