सुरकुत्या : वयाच्या किती, उन्हाच्या किती?

तपासणी संपली, औषध लिहून झाले की चाळिशीतले अनेक रुग्ण उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, चेहऱ्यावर डाग आणि सुरकुत्या दिसू लागल्यात. एखादे क्रीम लिहून देता का?"

अशा वेळी मी त्यांना बाही वर सरकवायला सांगतो. बाहीखाली झाकलेला दंड आणि उघडे मनगट यांची कातडी पाहा. दोन्हींचे वय एकच, पण दंड मऊ आणि एकसारख्या रंगाचा, तर मनगट राठ आणि काळवंडलेले. हा फरक वयाचा नाही, उन्हाचा आहे.

आपली त्वचा कोलॅजेन व इलॅस्टिन या तंतूंमुळे ताठ आणि लवचिक राहते. वयाप्रमाणे हे तंतू कमी होतात. ते कोणालाच चुकलेले नाही. मात्र सूर्याचे अतिनील किरण ते वेळेआधीच मोडतात. यातील काही किरण काचेतूनही आत येतात. अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले होते. २८ वर्षे गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरली होती. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन आपले बरेच रक्षण करते. त्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात, पण वांग व काळे डाग लवकर उमटतात.

काळजी कशी घ्यावी?

१) सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत टोपी, छत्री, पदर किंवा उपरणे वापरावे. शेतात काम करताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा.

२) परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्यावरचे सनस्क्रीन लावावे. चेहरा व मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम लागते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे.

३) विडी-सिगारेट सोडावी. धुरामुळेही सुरकुत्या लवकर पडतात.

४) आंघोळीला फार कढत पाणी घेऊ नये. अंग टिपून ते ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. त्याने फोड येऊन काळे डाग राहतात.

पडलेल्या बारीक सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन या 'अ' जीवनसत्त्वाशी संबंधित मलमाचा उपयोग होतो. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, रात्री, वाटाण्याएवढे लावायचे असते. सुरुवातीला कातडी सोलवटते आणि गुण यायला काही महिने लागतात. गर्भवतींनी ते वापरू नये.

सर्वांत मोठा धोका स्टिरॉइड मलमांचा. शेजारणीने सांगितले म्हणून अनेक जण बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असलेली ट्यूब आणून रोज तोंडाला लावतात. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम व लव वाढते. म्हणजे तरुण दिसण्यासाठी लावलेले मलमच त्वचेला म्हातारी करते! केंद्र सरकारने २०१८ साली अशा १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली, ती याचसाठी. महिनोन् महिने लावत असाल तर परस्पर बंद करू नका. चेहरा लाल होऊन आग होते. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे या.

आणखी एक. महिनाभरात न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ, रंग किंवा आकार बदलणारा तीळ ही म्हातारपणाची खूण समजून अंगावर काढू नका. तो त्वचेचा कर्करोग असू शकतो, आणि वेळीच सापडला तर बहुधा पूर्ण बरा होतो.

वय झाकण्याची धडपड नको, पण उन्हात जाताना डोके आणि तोंड जरूर झाका. या औषधाला पैसे पडत नाहीत.