दिवे घाटातली भुरभुर

माझी पहिली घरी शिवलेली कॅमेऱ्याची बॅग दिसायला चांगली होती. सोफ्याचं उरलेलं रेक्झिन, आत दीड इंची स्पंज, वर चेन. माऊलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघाली, त्या दिवशी मी ती घेऊन दिवे घाटात सकाळपासून जागा धरून बसलो होतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, खाली वळणावळणानं चढत येणाऱ्या पताका आणि दिवसभर भुरभुर पाऊस. छत्री उघडावीशी वाटू नये, एवढाच. घरी येऊन बॅग पुसली, रेक्झिन कोरडं लागलं. चेन लावली आणि माळ्यावर ठेवून दिली.

श्रावणात उघडली तेव्हा कुबट वास आला. लेन्समधून टॉर्च मारला, तर आतल्या काचेच्या कडेनं कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरलेले. दुरुस्तीवाल्यानं लेन्स खोलून बुरशी काढली, पण तिच्या आम्लानं काचेवरचा लेप खाल्ला होता. तो भरून येत नाही. समोर दिवा असला की त्या लेन्सच्या फोटोवर आजही धुरकट पडदा येतो.

बॅग उसवली तेव्हा कारण हाताला लागलं. रेक्झिनमधून पाणी जात नाही, पण सुईच्या प्रत्येक भोकातून जातं, आणि माझी मुख्य शिवण नेमकी तळाशी होती. बॅग ओल्या गवतावर टेकवली की पाणी तिथून वर चढे आणि स्पंज ते पिऊन ठेवी. त्या ओलीवर मी स्वतः चेन लावली होती.

म्हणून स्पंज अजिबात वापरू नका. ट्रेकवाले अंथरतात ती कॅरीमॅट कापून घ्या. तिच्या फोममधल्या पोकळ्या बंद असतात, पाणी धरत नाहीत. खात्री नसेल तर तुकडा बादलीत बुडवून दाबा आणि बाहेर काढून पिळा. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास फोम, रेक्झिन, पट्टे, बक्कल सगळं मिळतं. एक चक्कर पुरते. तळ आणि दोन्ही बाजू एकाच लांब पट्टीच्या करा, म्हणजे तळाच्या मधोमध शिवण येणारच नाही. उरलेल्या शिवणींवर आतून रबरी सोल्युशनचा हात द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत, चार-पाच दिवस लागले तरी, कॅमेरा आत ठेवू नका. चेनवर चार बोटं खाली येईल अशी झाप हवीच.

शिवण्याइतकंच घरी परतल्यावरचं काम महत्त्वाचं आहे, आणि माझं तिथंच चुकलं. बॅग रिकामी करून रात्रभर पंख्याखाली उघडी टाका. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक असू द्या. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. जेल नारंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो.

आणि घाटातून निघण्याआधी, पालखी पुढे गेली की, बॅगेत हात घालून चारही कोपरे चाचपा. ओल आधी तिथंच उतरते.