कपबशी, पंगत आणि टेबल

— बी. ए. भाग २ (समाजशास्त्र)

प्रास्ताविक

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुंबई पाहण्याचा योग आला. माझा आतेभाऊ तेथे नोकरीला लागला आहे. त्याच्या आग्रहावरून आई, आबा (माझे आजोबा) आणि मी वाशीमहून अकोल्याला आलो व तेथून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. परतण्याच्या आदल्या दिवशी दादाने आम्हाला चर्चगेटजवळच्या एका मोठ्या, वातानुकूलित उपाहारगृहात जेवायला नेले. आमच्या घरातले कोणीही त्यापूर्वी अशा ठिकाणी जेवले नव्हते. त्या दीड तासात जे पाहिले, त्याचा अर्थ लावावा म्हणून परत आल्यावर मी ग्रंथालयात काही वाचन केले व प्राध्यापकांशी चर्चा केली. बाहेरचे जेवण हा चैनीचा विषय आहे असे पुष्कळांना वाटते. मला मात्र तो समाजशास्त्राचा विषय वाटू लागला आहे. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

‘हॉटेल’ आणि ‘रेस्टॉरंट’

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटले की एस. टी. स्टँडसमोरची बाकडी, काचेच्या कपाटातील कचोरी आणि आलूबोंडा, पोहे-तर्री आणि चहा डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ उतरण्याची, मुक्कामाची जागा असा आहे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द फ्रेंच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहरात अशक्त माणसाला ताकद देणारे कढण विकणारी दुकाने निघाली. ‘पुन्हा उभारी देणारे’ या अर्थाचे त्या कढणाचे नाव पुढे दुकानालाच चिकटले. या दुकानांनी तीन नव्या गोष्टी आणल्या : प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळे टेबल, हवे त्या वेळी जेवण, आणि पदार्थांची किमतीसह छापील यादी. आज आपण जिला ‘मेनू कार्ड’ म्हणतो ती हीच यादी.

आपल्याकडे बाहेर का जेवत नसत?

आपल्या समाजात बाहेर जेवणे ही साधी गोष्ट नव्हती. जातिव्यवस्था रोटीव्यवहार व बेटीव्यवहार या दोन खांबांवर उभी होती. कोणाच्या हातचे खावे, कोणाबरोबर पंगतीला बसावे, पाणी कोणाचे घ्यावे, याचे नियम ठरलेले होते. म्हणून प्रवासाला निघणारा माणूस शिदोरी बांधून घेई, नाहीतर शिधा घेऊन स्वतः चूल मांडी.

हे बंधन किती कडक होते हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणावरून कळते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळकही होते. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध करविली आणि सनातनी मंडळींनी ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांसारख्या विद्वान सुधारकानेही प्रायश्चित्त घेतले. एका कप चहाची एवढी किंमत! उच्चवर्णीयांची ही स्थिती, तर ज्यांना कपच मिळत नव्हता त्यांचे काय, हा प्रश्न सहजच मनात येतो.

त्याचे एक उत्तर कोल्हापुरात मिळते. राजवाड्याच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली आणि गंगारामांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल थाटले. अस्पृश्याच्या हॉटेलात कोण येणार? महाराज स्वतः तेथे गाडी थांबवीत, सर्वांदेखत चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. परिषदेतले भाषण लोक ऐकून विसरतात. छत्रपतीने रस्त्यावर प्यालेला चहा विसरता येत नाही.

मुंबईतील उपाहारगृहे

मुंबईत साहेबलोकांसाठी वॉटसन हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ती इमारत आहे आणि तेथेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर २१ वर्षांनी, १९२४ मध्ये पूर्ण झाले. आम्ही ताज बाहेरूनच पाहिले.

परंतु सामान्य मुंबईकराला बाहेर खाण्याची सवय लावली ती इराण्यांनी, मराठी उपाहारगृहांनी आणि खानावळींनी. कयानी (१९०४) व ब्रिटानिया (१९२३) ही इराण्यांची जुनी नावे, दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे, तर माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह १९४२ चे. इराण्याकडे संगमरवरी टेबलावर बसणाऱ्याची जात कोणी विचारीत नसे. मात्र अनेक शहरांत विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मासाठी म्हणून पाट्या लावलेली हॉटेलेही होती. गिरणी कामगारांचे पोट खानावळवाल्या बायकांनी भरले. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले.

कायद्याने काय दिले?

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येत नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विद्वानांनी हॉटेलांचा उल्लेख का केला असेल, असे मला प्रथम आश्चर्य वाटले होते. पंचहौद आणि गंगाराम कांबळे वाचल्यावर ते आश्चर्य उरले नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा कायदा झाला व १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या कायद्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातील भांडी वापरण्याच्या हक्काचाही वेगळा उल्लेख आहे. नुसता प्रवेश देऊन कप वेगळा ठेवला तरी तो गुन्हा आहे.

पंगत आणि टेबल

आता प्रत्यक्ष जेवणाकडे वळू. आपल्या पंगतीत पदार्थ एकदम वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये वरण-भात. आमच्याकडे भंडाऱ्यात पळसाच्या पत्रावळीवर रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असते. वाढणारे गावचेच असतात. सर्वांना वाढून झाल्याशिवाय कोणी सुरुवात करीत नाही आणि शेजाऱ्याचे आटोपल्याशिवाय उठत नाही.

युरोपातही पूर्वी श्रीमंतांच्या टेबलावर पुष्कळ पदार्थ एकदम मांडीत. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ आणून देण्याची पद्धत रूढ झाली. तिला रशियन पद्धत म्हणतात. मोठ्या हॉटेलातील काट्या-चमच्यांचे कोडे यातूनच सुटते. प्रत्येक पदार्थासाठी वेगळे हत्यार, आणि ती बाहेरून आत अशा क्रमाने वापरायची. खाणे संपले की काटा व सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवायची, म्हणजे वाढपी ती उचलतो. रुमाल मांडीवर ठेवायचा. बस्स, एवढेच शास्त्र! ते कळले की भीती जाते. आणि पोळी-भाजी हातानेच खावी, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरील सुटाबुटातील गृहस्थही रोटी हातानेच मोडीत होते.

बिलाविषयीही विद्यार्थ्यांना माहिती असावी. आमचे जेवण ४,५०० रुपयांचे झाले. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि नंतर ५ टक्के जी. एस. टी. लावला होता. जी. एस. टी. हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून ते परस्पर बिलात लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे ग्राह्य धरली. दादाने शांतपणे सांगितल्यावर ते काढण्यात आले व ४,७२५ रुपये दिले. आमच्या सोयाबीनला यंदा क्विंटलमागे त्याहून कमी भाव मिळाला. म्हणजे चौघांच्या एका जेवणात एका क्विंटलाहून अधिक सोयाबीन गेले. हा हिशेब मी तेथे बोलले नाही, पण आई मनात तोच करीत होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

जे पुस्तकात नव्हते

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिला तो सांगते. बसताच वाढप्याने विचारले, “पाणी कोणते? साधे की बाटलीचे?” आबा म्हणाले, “पानी कोन्तं म्हून इचारते काय कोनी? पानी त पानीच.” आईला तर बसून राहणेच जमेना. घरी ती सर्वांना वाढून शेवटी जेवते. वाढपी भाजी घेऊन आला की तिचा हात वाढायला पुढे होई. त्या दिवशी तिने आमच्याबरोबर, गरम आणि पहिल्या वाढीचे जेवण घेतले.

शेवटी चहा आला. आबांनी तो बशीत ओतून घेतला. पिऊन झाल्यावर ते कपबशी घेऊन उठले आणि इकडे तिकडे पाहू लागले. मी त्यांचा सदरा ओढला व दबक्या आवाजात म्हटले, “आबा, बसा ना, लोक पाहून राहिले.” तेवढ्यात वाढपी धावत आला. “बाबा, राहू द्या, ते आमचं काम आहे,” असे म्हणून त्याने दोन्ही हातांनी कपबशी घेतली. आबा खाली बसले.

बाहेर आल्यावर मी विचारले, “कुठे चालले होते?” आबा म्हणाले, “आमच्या लहानपनी हॉटेलात आमचा कप येगळा राहे, बाई. च्या पेला का धुवून वळचनीत ठेवा लागे. हात तसाच उठते.”

मी काही बोलू शकले नाही. कलम ४ मी परीक्षेसाठी वाचले होते, पण तो वळचणीतला कप माझ्याच घरातला होता हे मला ठाऊक नव्हते. आबांना लाज वाटली नव्हती. लाज मला वाटली होती, आणि तीही चुकीच्या गोष्टीची.

समारोप

एकंदरीत विचार करता, पंगतीपासून टेबलापर्यंतचा प्रवास हा केवळ चवीचा प्रवास नाही. पंगतीत आपुलकी होती, पण पंक्तिभेदही होता. टेबलावर जात विचारीत नाहीत, पण मेनू कार्डाची उजवी बाजू आपल्यासारख्यांना दारातच अडविते. कायद्याने पहिली अडचण दूर केली. दुसरी शिक्षण व रोजगार यांनी दूर व्हावयाची आहे. आणि जो वाढतो त्याच्याकडे आपण कसे पाहतो, हे तर कोणताही कायदा शिकवू शकत नाही. त्या वाढप्याचे नाव मी विचारले नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

परत आल्यावर आबा गावात सर्वांना मुंबईची हकीकत सांगतात. समुद्राचे वर्णन ते दोन वाक्यांत आटोपतात. कपबशीची गोष्ट मात्र सविस्तर सांगतात आणि शेवटी म्हणतात, “त्या पोरानं दोन हातानं घेतली.”