शब्दार्थ आणि वाक्संप्रदाय

कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधविले. ते १९१२ साली पूर्ण झाले. तेथील कुस्तीचे वर्णन करताना आपण म्हणतो, "पहिलवानाने प्रतिस्पर्ध्यास अस्मान दाखविले." मराठी नुकतीच शिकू लागलेला परदेशी मनुष्य केवळ शब्दकोश घेऊन बसला, तर 'एकाने दुसऱ्यास आकाश दाखविले' एवढेच त्याच्या हाती लागेल, कोण जिंकला व कोण हरला, हे त्यास मुळीच कळणार नाही. पाठ मातीस लागली, की डोळ्यांपुढे आकाश येते. म्हणून 'अस्मान दाखविणे' म्हणजे चीत करणे. अशा शब्दसमूहास वाक्संप्रदाय म्हणतात.

इंग्रजी शिकताना आपली स्थिती त्या परदेशी मनुष्यासारखीच होते. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर. म्हणून 'पुट आउट द लॅम्प' याचा अर्थ 'दिवा बाहेर ठेव' असा केला, तर दिवा अंगणात जळतच राहील. सांगणाऱ्याने मात्र तो विझविण्यास सांगितले होते! त्याचप्रमाणे 'लुक' म्हणजे पाहणे, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे.

हा प्रकार मराठीस परका नाही. 'आंबा खा' आणि 'आंबा खाऊन टाक' ही वाक्ये पाहा. दुसऱ्या वाक्यात काहीही फेकावयाचे नाही. 'टाक' या शब्दाने क्रिया पुरी करण्याचा भाव दाखविला आहे. 'ईट अप' यातील 'अप' हा शब्द इंग्रजीत तेच काम करतो. आपण क्रियापदास दुसरे क्रियापद जोडतो. इंग्रजीत एखादे लहानसे अव्यय जोडतात.

क्रियाविशेषणाचे काम करणाऱ्या शब्दसमूहांविषयीही असेच सावध राहावे. 'नाउ अँड देन' म्हणजे 'आता आणि नंतर' नव्हे, तर 'अधूनमधून'. सातच्या गाडीसाठी उतारू पावणेसातला स्थानकावर पोचला, तर तो 'इन टाइम' आला. गाडी बरोबर सातला सुटली, तर ती 'ऑन टाइम' सुटली.

तात्पर्य, सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज म्हणजे वाक्याचा अर्थ नव्हे. आधी संपूर्ण वाक्य वाचावे, प्रसंग ध्यानात घ्यावा आणि मगच भाषांतरास हात घालावा.

स्वाध्याय

१. 'अस्मान दाखविणे' या वाक्संप्रदायाचा अर्थ कसा रूढ झाला, ते सांगा.
२. 'इन टाइम' आणि 'ऑन टाइम' यांतील भेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. 'कंबर कसणे', 'पाणी पाजणे', 'हातावर तुरी देणे' यांचा शब्दशः अर्थ व खरा अर्थ लिहा.