शेजाऱ्याची पंगत आणि प्रभूचे मेज

शास्त्रपाठ : १ करिंथ अध्याय ८, १० : १४–३३, ११ : १७–३४



खेड्यात ख्रिस्ती कुटुंब एकटे राहत नाही. भिंतीला भिंत लागून हिंदू, मुसलमान, बौद्ध अशा निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची घरे असतात. पुष्कळदा आपला सख्खा भाऊच पूर्वीच्या धर्मात राहिलेला असतो. त्याच्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे येते. जत्रेत देवीपुढे कापलेल्या बकऱ्याच्या जेवणाचे आमंत्रण येते. उत्सवाची वर्गणी मागावयास गावकरी दारी उभे राहतात. कामधंद्यासाठी पुण्यामुंबईस गेलेल्या आपल्या मुलांपुढे हाच प्रश्न कारखान्यात व कचेरीत येतो. अशा वेळी कोणी सर्वच नाकारून शेजार तोडतो, तर कोणी सर्वच स्वीकारून आपली साक्ष गमावून बसतो. ह्या दोहोंतून वाट कोणती, हे आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

१. करिंथ नगर

जुने करिंथ रोमी सैन्याने ख्रि. पू. १४६ ह्या वर्षी उद्ध्वस्त केले. पुढे ख्रि. पू. ४४ मध्ये यूलियस कैसराच्या आज्ञेने तेथे नवी रोमी वसाहत झाली. दोन्ही बाजूंस समुद्र व दोन बंदरे असल्यामुळे व्यापार वाढला. रोमी, ग्रीक, यहूदी आणि पूर्वेकडील नाना देशांचे लोक तेथे एकत्र नांदू लागले, आणि प्रत्येकाने आपापले दैवत बरोबर आणले. सुमारे इ. स. ५० मध्ये पौल तेथे आला. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून तो तंबू करण्याचा धंदा करी. ह्या नगरात तो दीड वर्ष राहिला, असे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ ह्यात सांगितले आहे.

त्या नगरात मांस आणि देवपूजा ह्यांचा निकट संबंध होता. बळी दिलेल्या पशूचा काही भाग वेदीवर जाळीत, काही पुजाऱ्यास देत, काही यजमान आपल्या पाहुण्यांस जेवू घाली आणि उरलेले मांस बाजारात विक्रीस जाई. आस्क्लेपियस नावाच्या आरोग्यदेवतेच्या मंदिरालगत भोजनाच्या खोल्या होत्या. त्यांचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. म्हणजे मित्राच्या घरचे जेवण कोठे संपते आणि देवतेची पूजा कोठे सुरू होते, हे ओळखणे करिंथ येथील विश्वासणाऱ्यांसही सोपे नव्हते.

२. पौलाचे उत्तर

मंडळीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, देव एकच आहे, मूर्ती काहीच नाही, मग खाण्यास भ्यावे कशाला? दुसऱ्या पक्षातील माणसे कालपरवापर्यंत त्याच देवतांस भजत होती. ते मांस तोंडाशी नेताच त्यांचे मन जुन्या पूजेकडे ओढले जाई. पौल कोणत्याही एका पक्षाच्या पाठीवर थाप देत नाही. तो तीन प्रसंग वेगळे करतो.

पहिला प्रसंग बाजाराचा व शेजाऱ्याच्या घरचा. तेथे चौकशी न करता जे वाढतील ते खावे, कारण पृथ्वी व तीवरील सर्व काही प्रभूचे आहे (१० : २५–२७). दुसरा प्रसंग पूजेचा. दैवताच्या भोजनात भाग घेणे म्हणजे त्या उपासनेत भागी होणे होय. जो प्रभूच्या मेजाचा भागीदार आहे त्याने तेथे बसू नये (१० : १४–२२). तिसरा प्रसंग असा की, कोणी मुद्दाम सांगतो, हा नैवेद्य आहे. अशा वेळी खाऊ नये, आणि ते आपल्यासाठी नव्हे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी (१० : २८–२९).

हीच रीत आपल्या गावी लागू करू. भावाच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीस अवश्य जावे, वाढावयास उभे राहावे, आनंदात सहभागी व्हावे. पूजेच्या वेळी आदराने बाजूस राहावे. कोणी प्रसाद पुढे केला, तर तोंड वाकडे न करता, दोन गोड शब्दांत आपली अडचण सांगावी. गावाची विहीर, रस्ता, शाळा किंवा आजाऱ्याचे औषधपाणी ह्यांसाठी वर्गणी असेल तर हात आखडू नये. पूजेसाठी असेल तर नम्रपणे नकार द्यावा. वर्षभर जो शेजाऱ्याच्या सुखदुःखास धावतो, त्याचा एक दिवसाचा नकार शेजारी समजून घेण्याचा संभव अधिक असतो. जो एरवी कधी दिसत नाही, त्याचा नकार मात्र अपमान वाटतो.

३. मोकळीक कशासाठी?

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांस विवेकबुद्धीचे आणि धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य ह्यांची मर्यादा त्यास आहे. हा हक्क आपल्याइतकाच शेजाऱ्याचाही आहे. परंतु कायद्याने काय चालते एवढ्यावरच पौल थांबत नाही. कशाने दुसऱ्याची उन्नती होते, असे तो विचारतो. आपल्या खाण्याने एखादा नवा विश्वासणारा अडखळणार असेल, तर आपण जन्मभर मांस सोडू, इतक्या थरास तो जातो (८ : १३).

४. एका घरातील दोन चुली

नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचा मार्ग मात्र लांबचा होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परत आल्या, तरी सोवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे त्यांच्याच मनात विचार आला की, जातिभेद देवाने नव्हे तर माणसांनी निर्माण केला आहे, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तांत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या ग्रंथात सांगितला आहे. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीस वेळ देणे म्हणजे काय, हे ह्या घरात पाहावयास मिळते.

५. आपली स्वतःची पंगत

शेजाऱ्याच्या पंगतीविषयी सांगून झाल्यावर पौल अकराव्या अध्यायात मंडळीच्या स्वतःच्या पंगतीकडे वळतो, आणि त्याचे सर्वांत कठोर शब्द तेथे येतात. करिंथ येथील सुखवस्तू लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. ह्याला प्रभुभोजन म्हणता येणार नाही, असे पौल बजावतो (११ : २०–२२).

बंधूंनो, हे आपणांस लागू नाही काय? प्रसाद नाकारणारा हात मंडळीच्या भोजनात अमुक मूळ जातीच्या कुटुंबाशेजारी बसण्यास मागे सरत असेल. लग्ने जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारली जात असेल. शेतमजूर बहीण मागे आणि नोकरदार भाऊ पुढे, असे उपासनेत ठरूनच गेले असेल. तर आपण नैवेद्य टाळला, पण जुने सोवळे प्रभूच्या मेजापर्यंत आणले. शेजारी हे सर्व पाहत असतो. आपण त्याच्या घरी काय खाल्ले नाही, ह्यापेक्षा आपण एकमेकांबरोबर कसे जेवतो, ह्यावरून तो आपल्या प्रभूची पारख करतो. यास्तव पुढील प्रभुभोजनापूर्वी प्रत्येक मंडळीच्या वडिलांनी ह्या गोष्टीची चौकशी स्वतःपासून सुरू करावी.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पौलाने कोणते तीन प्रसंग वेगळे केले? आपल्या गावातील एकेक उदाहरण सांगा.
२. मंडळीत नव्याने आलेला कोण आपल्या वागण्याने अडखळू शकेल?
३. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या कोणत्या दुःखात आपण धावून गेलो?
४. आपल्या मंडळीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसत नाही, आणि का?