घड्याळाचा काळ आणि कामाचा काळ

मनमाडहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणारी गाडी लासूर स्टेशनांत थांबते, तेव्हां चाकें थांबतात. घड्याळ थांबत नाहीं. प्रवासाचा एकूण काळ निराळा व चाकें फिरल्याचा काळ निराळा, हें आम्हां लासूरकरांस सांगावयास नको. हाच भेद संगणकशास्त्रांत फार उपयोगी पडतो.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकास 2020 च्या नोव्हेंबरांत जगांतील 500 बलाढ्य संगणकांच्या यादींत 63 वा क्रमांक मिळाला. त्याचें मुख्य बळ जीपीयूंत आहे. जीपीयू हजारों बेरजा-गुणाकार एकाच वेळीं करतो. त्यास नेमून दिलेल्या एका कामास ‘कर्नेल’ म्हणतात. मुख्य प्रोसेसर कर्नेलचा हुकूम रांगेंत ठेवतो आणि तो पुरा होण्याची वाट न पाहतां पुढें जातो. म्हणून हुकूम देतांच घड्याळ पाहिलें, तर केवळ चिठ्ठी टाकण्याचा वेळ मोजला जातो. काम अद्यापि व्हावयाचें असतें. यास्तव काम संपेपर्यंत थांबूनच काळ मोजावा. पहिल्या खेपेस तयारीचा वेळ अधिक लागतो. ती खेप सोडून पुढील अनेक खेपा मोजाव्या.

आतां कोणता काळ निवडावा? एकच गणित दोन रीतींनीं लिहून त्यांतील सरस रीत ठरवावयाची असेल, तर जीपीयू प्रत्यक्ष राबला तेवढाच काळ घ्यावा. उत्तर आपल्या हातीं केव्हां पडेल असा प्रश्न असेल, तर माहितीची ने-आण व रांगेंतील खोळंबा धरून एकूण काळ घ्यावा.

समजा, एकूण काळ 10 मिलिसेकंद व त्यांत कर्नेलचा काळ 2 मिलिसेकंद आहे. पुष्कळ श्रमांनीं कर्नेल दुप्पट जलद केला, तरी एकूण काळ 9 वरच येतो. तेच श्रम उरलेल्या 8 मिलिसेकंदांवर खर्चून ते निम्मे केले, तर एकूण काळ 6 वर येईल. एकच काळ मोजणारास हें दिसत नाहीं. दोन्ही मोजले म्हणजे श्रम कोठें करावे तें कळतें.

कधीं उलटेंही घडतें. दोन कर्नेल एकाच वेळीं चालले, तर त्यांच्या काळांची बेरीज घड्याळाच्या काळाहून अधिक भरते. दोन हमालांनीं एका तासांत केलेलें काम दोन तासांचें भरतें, तसेंच हें होय.

म्हणून विद्यार्थ्यांनीं मोजण्यापूर्वीं आपला प्रश्न लिहावा, आणि आंकड्यापुढें तो कोणत्या काळाचा हें नोंदवावें. पालकांनींही मूल पुस्तकापुढें किती तास बसलें एवढेंच पाहूं नये. त्यांतील अभ्यास किती झाला हें विचारावें. परीक्षेचे तीन तास मात्र घड्याळाचेच असतात.