कामगारांचे पादरोग : अलसाचा विशेष विचार

भोसरी, पिंपरी वा चाकण येथील कारखान्यातून पाळी संपवून येणारा कामगार ‘बोटांत खाज सुटते, मलम द्या’ एवढेच सांगतो. आणि बहुधा वैद्यास नव्हे, औषध दुकानदारास सांगतो. म्हणून प्रस्तुत लेख उभयतांसाठी आहे.

अलस, कदर, पाददारी, चिप्प, कुनख हे व्याधी सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १३ व्या अध्यायात क्षुद्ररोगांत वर्णिले आहेत. नाव क्षुद्र असले तरी परिणाम क्षुद्र नसतात. अलसाचा हेतू दुष्ट कर्दमाचा स्पर्श. लक्षणे बोटांच्या बेचक्यात क्लेद, कंडू, दाह व वेदना. गावाकडचा चिखल सुटला, पण आठ ते बारा तास सेफ्टी शूजमध्ये घामाने भिजलेला मोजा तेच कार्य करतो. त्यात एका खोलीत पाच-सहा जण, सामाईक चपला आणि पावसाळ्यात न वाळणारे मोजे. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरणे व मोजे रोज बदलणे, हे निदानपरिवर्जन झाल्याशिवाय कोणतेही औषध टिकत नाही.

ग्रंथोक्त चिकित्सा आरनालाचा परिषेक व निंब, तीळ, कासीस, हरताळ, सैंधव यांचा लेप अशी आहे. फुटलेल्या त्वचेवर हरताळ मी वर्ज्य मानतो. त्रिफळा क्वाथाने धावन करून बेचके पूर्ण कोरडे करावे. ओल्या बेचक्यात तेल भरण्याची सवय मात्र सोडावी. त्याने क्लेद वाढतो.

स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम दुकानदारांनी चिठ्ठीविना देऊ नये. खाज दोन दिवसांत शमते, बुरशी आत पसरत राहते. टर्बिनाफिनला दाद न देणारे गजकर्ण आज देशभर दिसते. त्यामागील कारणांत या गैरवापराची गणना होते.

पाददारीत मधूच्छिष्ट, राळ व घृत यांचा मलम पुरेसा होतो. कदरात उद्धरण व तप्त स्नेहाने दहन सांगितले आहे. तत्पूर्वी रक्तशर्करा अवश्य तपासावी. प्रमेही रुग्णाचे डोळे मिटवून तळव्यास कापसाचा स्पर्श करावा. तो जाणवत नसेल तर शस्त्र व अग्नी दोन्ही वर्ज्य, आणि दुकानातील सॅलिसिलिक आम्लाची कुरूपावरील पट्टीही वर्ज्य. स्पर्श जाणवला तरी प्रमेह्याच्या पायाबाबत सावधच राहावे. असा पाय भाजला तरी कळत नाही, व्रण दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

बेचक्यातील चिरेपासून लाली व सूज वर चढू लागली, ज्वर आला, तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.